मेंढीचा मेंदू ते व्हेरो पेशी : कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचा इतिहास

नीलगिरीची दातेरी रुळांवरून चढणारी छोटी रेल्वे १८९९ मध्ये कुन्नूरला पोहोचली. चहामळेवाले आणि मद्रासच्या उन्हाळ्याला कंटाळलेले गोरे अंमलदार तिने येऊ-जाऊ लागले. आठ वर्षांनी त्यांच्यात आणखी एका प्रकारच्या प्रवाशांची भर पडली. पिसाळलेल्या कुत्र्याने, कोल्ह्याने चावा घेतलेली ही माणसे होती. कुन्नूरच्या सिम्स पार्कसमोर ६ एप्रिल १९०७ रोजी ‘पाश्चर इन्स्टिट्यूट ऑफ सदर्न इंडिया’ सुरू झाली आणि दक्षिणेतल्या श्वानदंशाच्या रुग्णाला हिमालयाची वाट धरण्याची गरज उरली नाही.

हिमालयाची वाट हा अलंकार नव्हे. तोवर देशात रेबीजवरची लस टोचणारी संस्था एकच होती, सिमल्याच्या वाटेवरच्या कसौलीला. ती १९०० मध्ये डेव्हिड सेम्पल या लष्करी डॉक्टरच्या हाताखाली सुरू झाली. त्याआधी चावा झालेल्या ब्रिटिश सैनिकांना थेट पॅरिसला धाडले जाई. हिंदी रयतेला पॅरिस कुठले? तिच्या वाट्याला मंत्र, पाला, आणि जखमेत भरलेला चुना किंवा तिखट. हा शेवटचा प्रकार महाराष्ट्रातल्या गावांत आजही पूर्ण थांबलेला नाही. त्याने विषाणू मरत नाही. जखम मात्र चिघळते.

लुई पाश्चर यांची मूळ पद्धतच अशी होती, की लस रुग्णाकडे जाऊ शकत नव्हती. रुग्णालाच लशीकडे जावे लागे. रेबीजचा विषाणू सशाच्या मेंदूत टोचायचा, ससा मेला की त्याचा मज्जारज्जू काढून निर्जंतुक बाटलीत कॉस्टिक पोटॅशवर टांगून वाळवायचा. जितका जास्त वाळलेला तितका निरुपद्रवी. उपचार चौदा दिवस वाळलेल्या रज्जूपासून सुरू करायचा आणि रोज थोड्या ताज्या रज्जूकडे यायचे. ६ जुलै १८८५ रोजी अल्सेसच्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला पहिले इंजेक्शन मिळाले. पाश्चर रसायनशास्त्रज्ञ होते, डॉक्टर नव्हते. म्हणून सुई डॉ. ग्रांशे यांनी धरली. पुढच्या दहा दिवसांत तेरा इंजेक्शने झाली आणि मुलगा वाचला. पण या पद्धतीला रोज नवा ससा, रोज नवी बाटली आणि डोळ्यांत तेल घालून राखलेली तारीखवारी लागे. अशी प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्याला काढणे कुणालाच शक्य नव्हते.

लस उशिरा टोचूनही चालते, हे या रोगाचे एक विचित्र वैशिष्ट्य. विषाणू चाव्याच्या जागेतून मज्जातंतूत शिरतो आणि त्यातून मेंदूकडे सरकत राहतो. या प्रवासाला बहुधा एक ते तीन महिने लागतात. चेहऱ्यावर किंवा हाताच्या बोटांवर चावा असेल तर कमी. तेवढ्या अवधीत शरीरात प्रतिकारशक्ती तयार झाली तर माणूस वाचतो. एकदा का पाण्याचा घोट घशाशी नेताच झटके येऊ लागले, की मग जवळजवळ कुणीच वाचत नाही. म्हणून कसौलीचा लांबचा प्रवासही करण्याजोगा होता, आणि म्हणूनच तो कधी कधी जिवावर बेतणाराही होता. मुंबई इलाख्यातला माणूस कालक्यापर्यंत आगगाडीने आणि तिथून डोंगर चढून कसौलीला पोहोचेपर्यंत मोलाचे दिवस निघून जात.

कुन्नूरच्या जन्माला एक मृत्यू कारणीभूत झाला. १९०२ मध्ये लिली पाकेनहॅम-वॉल्श ही तरुण इंग्रज स्त्री रेबीजने दगावली. जवळ लस असती तर ती वाचली असती, ही हळहळ नीलगिरीच्या गोऱ्या वस्तीत पसरली आणि दक्षिणेला स्वतंत्र संस्था हवी ही मागणी जोर धरू लागली. त्याआधी देशी माणसे या रोगाने किती मेली असतील, त्यांच्यासाठी अशी हळहळ सरकारदरबारी पोहोचल्याचे दिसत नाही. पैसा मात्र अमेरिकेतून आला. पोलाद उद्योगात अँड्र्यू कार्नेगींचे भागीदार असलेल्या हेन्री फिप्स यांनी लॉर्ड कर्झन यांच्या हाती मोठी देणगी सोपवली होती. तिचा मोठा भाग बिहारमधल्या पुसा येथील शेती संशोधन संस्थेला गेला आणि काही भागातून कुन्नूरची इमारत उभी राहिली. पहिले संचालक मेजर जे. डब्ल्यू. कॉर्नवॉल.

संस्थेच्या पुढच्या नव्वद-पंचाण्णव वर्षांवर ज्या लशीची छाया पडली, ती कसौलीत जन्मली. १९११ मध्ये सेम्पल यांनी कलकत्त्याहून एक शास्त्रीय टिपण प्रसिद्ध केले. ‘सुरक्षित आणि परिणामकारक’ अशी रेबीजविरोधी लस कशी बनवावी, हा त्याचा विषय आणि जवळपास तेच त्याचे शीर्षक. सेम्पल यांचा विचार सरळ होता : विषाणू वाळवून दुबळा करण्यापेक्षा कार्बोलिक ॲसिडने मारूनच टाकावा. मेलेल्या विषाणूची लस बाटलीत भरून पाठवता येईल, टिकेल, आणि चुकून रोगच टोचला जाण्याची भीती राहणार नाही.

सेम्पल पद्धतीची ही मेंढीच्या मेंदूची लस कशी तयार होई, ते पाहण्यासारखे आहे. प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या सशांतून फिरवलेला, म्हणून ठरावीक दिवसांतच रोग उत्पन्न करणारा ‘स्थिर’ विषाणू धडधाकट मेंढीच्या मेंदूत टोचला जाई. काही दिवसांत मेंढीचे पाय लुळे पडत. मग तिला मारून कवटी उघडायची, मेंदू काढायचा, वजन करून वाटायचा, मिठाच्या पाण्यात कार्बोलिक घालून त्यात कालवायचा, गाळायचा आणि शरीराच्या उष्णतेइतक्या, म्हणजे ३७ अंशांच्या उबेत ठेवायचा. नंतर पातळ करून कुप्या भरायच्या. हाती येई ते शंभर भागांत पाच भाग मेंदू असलेले गढूळ पाणी. चाव्याच्या गांभीर्यानुसार ते सात ते चौदा दिवस, रोज, पोटाच्या कातडीखाली टोचायचे. एका वेळचा डोस काही मिलीलिटरचा. तो मावायला जागा पोटावरच. बेंबीभोवतीच्या चौदा इंजेक्शनांची जी दहशत मराठी घराघरांत बसली, ती इथून आली.

या लशीने जे साधले त्याला तोड नाही. कुप्या पेट्यांत भरून आगगाडीने जिल्हा इस्पितळांकडे जाऊ लागल्या. शिलाँग, रंगून, मुंबई, कलकत्ता इथेही लस टोचणारी केंद्रे झाली. कुन्नूरने मद्रास इलाख्यातल्या आणि आसपासच्या संस्थानांतल्या दवाखान्यांना लस पुरवली. शेतमजुराला आठ-पंधरा दिवस डोंगरावर मुक्काम ठोकणे परवडणारे नव्हते. त्याला तालुक्याच्या गावीच इंजेक्शन मिळू लागले. नंतर जगभर आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या बऱ्याच भागांत हीच सेम्पल लस किंवा तिची भावंडे वापरात आली. गरीब देशांना परवडणारी दुसरी लस तेव्हा नव्हतीच.

आता आकड्यांकडे. पाश्चर संस्थांच्या वार्षिक अहवालांत मृत्यूचे प्रमाण शेकड्याला एकाहून कमी दिसे, आणि त्यावरून लशीचे गोडवे गायले जात. त्यात दोन गोम होत्या. उपचाराला येणाऱ्या बऱ्याच जणांना चावलेला कुत्रा पिसाळलेला नसेच. आणि खरोखर पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेले सगळेच काही रेबीजने मरत नाहीत. दुसरी गोम हिशेबाच्या रिवाजात होती : उपचार चालू असताना किंवा संपल्यावर पंधरा दिवसांच्या आत झालेला मृत्यू लशीचे अपयश म्हणून धरत नसत. लशीला काम करायला वेळच मिळाला नाही, हा त्यामागचा युक्तिवाद. तो अगदीच पोकळ नव्हता. पण त्याने आकडे साजरे दिसत, हेही खरे. या साऱ्या अहवालांची कसोशीने छाननी पुढे लीग ऑफ नेशन्ससाठी केली ती ए. जी. मॅकेंड्रिक यांनी. मॅकेंड्रिक कसौलीच्या पाश्चर संस्थेचे संचालक होते. साथ कशी चढते आणि उतरते याचे जे गणित कोविडच्या काळात वर्तमानपत्रांतून वाचायला मिळाले, त्याचा पाया त्यांनी आणि कर्मॅक यांनी १९२७ मध्ये घातला. कसौलीतल्या चावे मोजण्याच्या नोकरीने त्यांना त्या वाटेला लावले असेल तर नवल नाही.

लशीच्या सुरक्षिततेचा प्रश्न मात्र या अहवालांच्या तळटीपांत वाढत होता. उपचार अर्ध्यावर आलेला किंवा नुकताच संपलेला एखादा माणूस अचानक ताप, डोकेदुखी, पाठदुखीने आजारी पडे; मग पाय लुळे पडत, लघवी अडके. काही बरे होत, काही कायमचे अधू होत, काही दगावत. हा रेबीजच आहे की लशीचा प्रताप, हा वाद बराच काळ चालला. शवविच्छेदनात विषाणू सापडत नसे. सापडे ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरच्या आवरणाची, म्हणजे मज्जावेष्टनाची नासधूस. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत थॉमस रिव्हर्स यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी माकडांना निरोगी मेंदूचा अर्क पुन्हा पुन्हा टोचला. त्यात विषाणू नव्हता, तरी काही माकडांना तसाच पक्षाघात झाला. दोष मेंढीच्या मेंदूचा होता. त्यातल्या मज्जावेष्टनाच्या प्रथिनांविरुद्ध माणसाचे शरीर उठे आणि त्या भरात स्वतःच्याच मज्जातंतूंवर तुटून पडे. याच प्रयोगाच्या धाग्यातून मल्टिपल स्क्लेरोसिसचा अभ्यास पुढे गेला, ही त्यातली एक जमेची बाजू.

किती जणांना हा त्रास होई? देशोदेशीचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. काहीशे रुग्णांमागे एक ते काही हजारांमागे एक, असा त्यांचा पसारा आहे. कुत्रा निश्चित पिसाळलेला असेल तर हा धोका पत्करण्यासारखाच होता. पण कुत्रा पळून गेला असेल, चावा नुसता ओरखडाच असेल, तर? डॉक्टरांना रोज हा कौल लावावा लागे. कुत्रा बांधून दहा दिवस बघा, तो जगला तर इंजेक्शने थांबवा, हा सल्ला म्हणूनच महत्त्वाचा. अनेक जण मात्र स्वतःच चौथ्या-पाचव्या इंजेक्शनानंतर यायचे थांबत. पोट सुजलेले, अंगात कणकण, रोजचा खाडा. आणि शेजारच्या गावात कुणाचे तरी पाय गेले ही कुजबुज. ही भीती निव्वळ अडाणीपणाची होती, असे म्हणणे अन्याय होईल. तिला कारण होते.

कुन्नूरच्या आवारात दरम्यान दुसरी कामेही चालली होती. १९१८ मध्ये रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी इथल्या एका खोलीत बेरीबेरीवर संशोधन सुरू केले. त्यातून आहारशास्त्राची प्रयोगशाळा वाढली, १९५८ मध्ये ती हैदराबादला गेली आणि आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. इन्फ्लुएन्झा आणि पोलिओच्या लशींवरही संस्थेत काम झाले. पण संस्थेची ओळख रेबीजचीच राहिली. स्वातंत्र्यानंतर डॉ. एन. वीरराघवन यांच्या कारकिर्दीत तिच्या वार्षिक अहवालांचा दबदबा जगभर होता. लस घेतलेले आणि न घेतलेले यांची तुलना करणारी कुन्नूरची माहिती दीर्घकाळ उद्धृत होत राहिली. १० फेब्रुवारी १९७७ रोजी संस्था केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीतली स्वायत्त सोसायटी झाली आणि ‘पाश्चर इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया’ हे नाव तिला मिळाले.

लस सुधारण्याचे प्रयत्न होतच होते. कुन्नूरने कार्बोलिकऐवजी बीटा-प्रोपिओलॅक्टोन वापरायला घेतले. हे रसायन विषाणूला अधिक खात्रीने मारते आणि नंतर स्वतः विरून जाते. अर्धवट मेलेल्या विषाणूची किंमत काय असते, ते १९६० मध्ये ब्राझीलच्या फोर्तालेझा शहरात दिसले : लशीतल्या जिवंत विषाणूने अठरा जण रेबीज होऊन मेले. अर्थात नवे रसायन विषाणूचा बंदोबस्त करी, मेंढीच्या मेंदूचा नाही. मज्जावेष्टन कुपीत राहणारच होते.

खरी सुटका मेंदूला पूर्ण फाटा देण्यातच होती. फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत विक्टर, कोप्रोव्स्की आणि प्लॉटकिन यांनी माणसाच्या पेशींच्या संवर्धनात विषाणू वाढवून लस केली. तिची अग्निपरीक्षा इराणमध्ये झाली. तिथे १९५४ मध्ये एका लांडग्याने गावात शिरून २९ जणांना फाडले होते आणि डोक्याला गंभीर जखमा झालेल्यांत नुसत्या लशीवर ठेवलेल्या पाचांपैकी तिघे, तर सीरमसह, म्हणजे तयार प्रतिपिंडांसह, लस दिलेल्या तेरांपैकी एकच दगावला होता; जखमेसाठी सीरम हवेच, हा धडा त्या गावाने दिला. १९७० च्या दशकाच्या मध्यात त्याच देशात, पिसाळलेले लांडगे-कुत्रे चावलेल्या ४५ जणांना नवी पेशीलस टोचली. सगळे जगले. इंजेक्शनेही मोजकीच, तीही दंडात.

तरीही भारतात मेंढीची लस पुढे पंचवीसहून अधिक वर्षे चालू राहिली. कारण उघड होते : नव्या लशीची किंमत सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेर होती आणि मेंढीची लस सरकारी दवाखान्यात फुकट होती. ज्याच्या खिशात पैसे त्याने बाजारातून दंडातली लस घ्यायची, नसतील त्याने पोट पुढे करायचे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० च्या दशकातच मेंदूच्या लशी बंद करा म्हटले होते. पुढे गुजरातमध्ये अंकलेश्वरला कोंबडीच्या भ्रूणपेशींवरची लस आणि मग माकडाच्या मूत्रपिंडातून मिळालेल्या व्हेरो पेशींवरच्या लशी देशातच होऊ लागल्या, तेव्हा भाव उतरले. डिसेंबर २००४ मध्ये देशातले मेंढीच्या लशीचे उत्पादन थांबले. सेम्पल यांच्या टिपणानंतर ९३ वर्षांनी.

कुन्नूरनेही व्हेरो पेशींवरची लस केली. जुन्या संस्थेला नव्या तंत्राशी जुळवून घेणे सोपे गेले नाही. २००८ च्या आरंभी उत्पादनाच्या आधुनिक निकषांत बसत नाहीत म्हणून कुन्नूर, कसौली आणि चेन्नईतल्या गिंडीची बीसीजी प्रयोगशाळा, अशा तिन्ही सरकारी संस्थांचे लस उत्पादनाचे परवाने निलंबित झाले. त्यावरून देशभर टीका झाली. सरकारी लशींचा गळा घोटला जातोय, असा आरोपही झाला. २०१० मध्ये निलंबन उठले आणि नव्या निकषांच्या इमारतींचे काम हाती घेतले गेले. संस्थेचा इतिहास लिहिताना हा अध्याय गाळण्याचा मोह होणे साहजिक आहे. पण लस शुद्ध असावी यासाठीच हे निकष असतात, आणि अशुद्ध लशीची किंमत काय असते हे मेंढीच्या लशीवर जन्म काढलेल्या संस्थेला कुणी वेगळे सांगायला नको.

आजच्या लशीत मेंदूचा कण नसतो. टोचल्या जागी दुखते, लाली येते, क्वचित अंग गरम होते; मज्जासंस्थेचा गंभीर त्रास अत्यंत विरळा. गरोदर बाई, तान्हे मूल, म्हातारा माणूस, कुणालाही ती नाकारायची नसते. कुल्ल्यावर मात्र टोचायची नाही. तिथल्या चरबीत तिचा परिणाम कमी होतो. मोठ्यांना दंडात आणि लहान मुलांना मांडीत, पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. भारताने २००६ मध्ये कातडीच्या थरात ०.१ मिलीलिटर दोन ठिकाणी टोचण्याची पद्धतही मान्य केली, त्यामुळे एका कुपीत कित्येक रुग्ण निभावतात. सरकारी दवाखान्यात ती अनेक ठिकाणी चालते.

सीरमच्या बाबतीतही पालट झाला. घोड्याचे सीरम कमी पडते तेव्हा काय करायचे, हे कोडे सिमल्याच्या डॉ. ओमेश भारती यांनी सोडवले : सगळे सीरम मांडीत न रिचवता फक्त जखमेत आणि तिच्या भोवती द्यावे. थोड्याशा सीरममध्ये काम भागले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये हीच दिशा घेतली आणि २०१९ मध्ये भारती यांना पद्मश्री मिळाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतल्या मासबायोलॉजिक्सबरोबर घोड्यावाचून तयार होणारे प्रतिपिंडाचे इंजेक्शन बाजारात आणले आहे.

लशीवरचा संशय मात्र अधूनमधून उसळतो. २०२२ मध्ये केरळात लस घेतलेले काही जणही रेबीजने गेले, तेव्हा लस बनावट की निकामी, असा गदारोळ झाला. नमुने तपासायला कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेत गेले. तिथे लस आणि सीरम दर्जाला उतरले. मृतांच्या जखमा चेहऱ्यावर, हातावर, म्हणजे मज्जातंतूंनी गजबजलेल्या किंवा मेंदूला जवळच्या जागी होत्या. अशा रुग्णाला पहिल्याच दिवशी साबणाने पंधरा मिनिटे धुतलेली जखम, तिच्यात खोलवर सीरम आणि दंडात लस, हे तिन्ही लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राण्यांचे चावे होतात आणि अंदाजे ५,७२६ जण रेबीजने मरतात. २००३ च्या देशव्यापी पाहणीत हा आकडा वीस हजारांवर होता.